दोन्ही कान दिसले पाहिजेत

अॅडव्होकेट उज्वला पिंगळे जिल्हा कोर्टाबाहेर टेबल टाकून नोटरीचं काम करायची, तेव्हा तिला वाटायचं की माणसांचे सगळे नमुने आपण बघून बसलो आहोत. मग एका कंपनीने व्हिडिओवरून नोटरी करून द्यायचं काम काढलं, उज्वला नाशिकमधल्या इंदिरानगरच्या घरी लॅपटॉपसमोर बसायला लागली, आणि तिला कळलं की कोर्टात येणारी माणसं निदान तोंड धुऊन यायची.

इथे लोक पायाची नखं काढता काढता भाडेकरार करायचे. एका गृहस्थांनी मिसळीचा घास तोंडात ठेवूनच खरं सांगण्याची शपथ घेतली आणि रस्सा शर्टावर सांडला तो बोटाने पुसून चाटला. एकाच्या मागे पांढऱ्या फरशा दिसत होत्या. त्याने प्रतिज्ञापत्र शांतपणे पूर्ण केलं आणि फ्लश ओढला. त्या दिवशी उज्वलाने सगळा लॅपटॉप सॅनिटायझरने पुसून काढला होता, जणू वास तारेतून आला असावा.

पण ती किळस पुसता येण्यासारखी होती.

मंगळवारी दुपारी घोटीजवळच्या एका गावातून कॉल आला. समोर शुभांगी नावाची तिशीची बाई. नवरा गेल्या वर्षी वारलेला, पदरी एक लहान मुलगी, आणि नवऱ्याच्या वाट्याची रस्त्यालगतची भाताची जमीन. त्या जमिनीचं वाटेल ते करायचा, अगदी विकायचासुद्धा अधिकार थोरले दीर बहिरू यांना देणारं मुखत्यारपत्र तिला करून द्यायचं होतं. एकदा शिक्का बसला की जमीन गेल्यातच जमा. मायलेकींकडे दुसरं काहीही नव्हतं.

आधार कार्डावरच्या फोटोशी चेहरा जुळवायला दोन्ही कान दिसले पाहिजेत, असा कंपनीचा नियम होता. शुभांगीने पदर खांद्यावर घेतला होता. उज्वलाच्या सांगण्यावरून तिने फोन उचलून खोली फिरवून दाखवली. खाट, टीव्ही, भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो. कुणी नव्हतं. फोन परत डब्याला टेकवून ती समोर बसली.

"कागद वाचलात?"

"वाचला."

"तुमचे दीर ही जमीन तुम्हाला न विचारता विकू शकतील. हे समजलंय ना?"

शुभांगीने तोंड उघडलं. तेवढ्यात चपला वाजल्या, तिने फोनच्या वर कुठेतरी पाहिलं, आणि तिचा हात आपोआप उठला. पदर डोक्यावर आला, पार कपाळापर्यंत.

उज्वलाचं सासरही शेतकऱ्याचंच, निफाडकडचं. सासरे ओट्यावर आले की तिचाही हात असाच उठायचा, वकिलीची सनद असली तरी. लॅपटॉपमधल्या परक्या बाईला बघून कुणी पदर घेत नाही. पदर घेतात तो घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषासमोर.

"कुणाला बघून पदर घेतलात?" उज्वलाने विचारलं.

"कोणी नाय, मॅडम. सवय हाय."

"सवय होती तर मघापासून डोकं उघडं कसं? फोनमागे कोण उभंय?"

फोनच्या मागूनच एक मऊ, लोण्यासारखा आवाज आला. "मॅडम, घरातलाच विषय हाय. तुम्ही शिक्का मारा ना. तिचं भलंच पाहतोय आम्ही." नंतर तोच आवाज शुभांगीला म्हणाला, "सांग की बाई, तुझी खुशी हाय म्हणून."

"माझी खुशी हाय," शुभांगी म्हणाली. ती जमिनीकडे बघत होती.

उज्वलाला वाटलं, लाथ मारणारा माणूस परवडला, निदान तो दिसतो तरी. "ताई, एकट्या नाशिकला या, माझ्याकडे. पैसे लागणार नाहीत," एवढं बोलून तिने पत्ता सांगितला आणि दस्त नाकारला. नकाराच्या कारणांत 'दबाव' असा पर्यायच नव्हता. तिने 'इतर' निवडलं आणि खाली सगळं लिहिलं.

थोड्या वेळाने कंपनीचा मॅनेजर रोहित याचा फोन आला. "मॅडम, पदर घेणं हे रिजेक्शनचं कारण कसं होईल? चेहरा जुळलाय, बाई हो म्हणतेय. पार्टीने रेटिंग एक दिलंय तुम्हाला."

"पार्टी कोण, रोहित? ती बाई की तिचा दीर?"

"पेमेंट ज्याने केलं तो," रोहित म्हणाला, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शुभांगी आली नाही. बुधवारी उज्वलाने तोच दस्त क्रमांक उघडून पाहिला. तिथे मंजुरीची हिरवी खूण होती. नाकारलेला कॉल आपोआप पुढच्या नोटरीकडे गेला होता, ललितकडे. तिने रेकॉर्डिंग लावलं.

तीच खाट, तोच हार घातलेला फोटो. शुभांगी समोर बसली होती. या वेळी पदर पहिल्यापासून डोक्यावर होता. कानांच्या मागे नीट खोचलेला, दोन्ही बाजूंना काळ्या पिना लावलेल्या. दोन्ही कान स्वच्छ दिसत होते.

ही अक्कल त्यांना कुणी दिली, हे उज्वलाला कुणी सांगायची गरज नव्हती. कुणाला बघून पदर घेतलात, मघापासून डोकं उघडं कसं, असं तिनेच मोठ्या तोंडाने विचारलं होतं, फोनमागच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात. चोराला कडी कुठली निसटते ते आपणच दाखवून दिलं होतं. तिला स्वतःच्या जिभेची शिसारी आली.

"एकट्याच आहात ना?" रेकॉर्डिंगमधला ललित जांभई देत विचारत होता.

चपला वाजल्या. शुभांगीने फोनच्या वर पाहिलं. तिचा हात उठला, कपाळापर्यंत गेला, तिथे पदर आधीच होता. बोटं क्षणभर पिनेवर थांबली आणि हात खाली आला.

"हो," ती म्हणाली, आणि ललितने शिक्का उमटवला.