सगळ्यात थंड कप्पा

डब्याची पिशवी घ्यायला तीन बायकांनी मिळून जाऊ नये. एकीने जावं, घ्यावी, घरी यावं. आम्ही तिघी गेलो आणि त्या दुकानदाराचा अंत पाहिला.

माझी ताई कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. दिवसभर गोठवलेला माल येतो, रचला जातो, ट्रकमध्ये चढतो, आणि त्यातल्या एखाद्या खोक्याला जराशी ऊब लागली की हिचा जीव खालीवर होतो. मी घरीच मशीनवर कपडे कमी-जास्त करून देते. भावोजी कधीच वेगळे झाले, तेव्हापासून ताई, तिची मुलगी आणि मी अशा तिघी एका छपराखाली राहतो. पोरगी रांगत होती तेव्हा हमखास साखरेच्या डब्यापाशी सापडायची, म्हणून तिचं नाव मी मुंगी ठेवलं. पुढे तिला साखरेचा आजार निघाला आणि ताईने हे नाव तोंडातून काढणं बंद केलं. मी नाही केलं. आजाराने पोरीच्या तोंडचा घास नेला, आता नावही कशाला न्यायचं?

तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. त्यामुळे प्रत्येक जेवणाआधी टोचून घ्यावं लागतं. पेनासारखी नळी असते, टोकाला बारीक सुई. घरचं पेन वेगळं; दुपारचं पेन आजवर शाळेच्या ऑफिसात असायचं. पंधरावं लागलं तशी मुंगी म्हणाली, "मी रोज सगळ्या वर्गासमोरून उठून ऑफिसात जाणार नाही. पेन माझ्या डब्याबरोबर राहील. माझं मी बघेन." डॉक्टर हो म्हणाले, शाळा हो म्हणाली. ताई सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू हो म्हणाली. म्हणून ही पिशवी.

दुकानात ताई एकेक पिशवी उलटी करून आतलं अस्तर चिमटीत धरून दाबत होती. मी शिवणी ओढून बघत होते. आणि मुंगी पिशवी खांद्याला लावून आरशासमोर उभी होती, आत काय आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिने काळी, साधी, कापडी पिशवी पसंत केली होती.

"ही डब्याची वाटतच नाही," ती खुशीत म्हणाली.

"वाटत नाही, कारण ती डब्याची नाहीच. गरमीत औषध वाया जाईल यात."

"डॉक्टर म्हणाले, वापरातलं पेन सावलीत असलं की पुरे."

"डॉक्टरांना माल सांभाळावा लागत नाही. मी सांभाळते. थंडीने काही नासलेलं आजवर मी पाहिलेलं नाही."

हे ताईचं ब्रह्मवाक्य. ते एकदा उच्चारलं की पुढे बोलायची सोय नसते. शेवटी घेतली ती निळी, चौकोनी, जाड भिंतींची, आतून चंदेरी. हातात धरली की माणूस कामावर निघाल्यासारखं दिसावं.

"आई, ही घेऊन गेले तर लोक विचारतील, किडनी कुठे पोचवायची आहे?" मुंगी म्हणाली. मला हसू आवरेना. दुकानदारही हसला. ताई पैसे मोजत होती, तिने मान वर केली नाही.

त्या रात्रीपासून पिशवी भरणं हे ताईचं काम झालं. कामावरून येताना ती तिथली जेलची पाकिटं थर्माकोलच्या खोक्यात घालून आणायची. गोठवलेला माल लांब पाठवताना ठेवतात ती, दगडासारखी कडक, आपल्या घरच्या फ्रीजमधल्या बर्फाने त्यांच्यापुढे हात टेकावेत अशी. सकाळी दोन पाकिटं उभी लावायची, त्यांच्या मधोमध जाळीचा कप्पा यायचा, त्यात पेन. "सगळ्यात थंड जागा औषधाला," ती म्हणायची, आणि चेन लावताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते मी फार वर्षांनी पाहत होते.

"काकडी कचकच वाजते," मुंगीने पहिल्याच दिवशी तक्रार केली. "बर्फ होतो तिच्यात."

"बघ!" ताई मला म्हणाली. तिला ती पावतीच वाटली.

आणि मग साखर चढायला लागली.

संध्याकाळी शाळेतून आली की मुंगी बोटाला टोचून मशीनवर साखर बघते. रोज आकडा वर. सकाळी ठीक, रात्रीच्या सुईनंतर ठीक, सुट्टीच्या दिवशी तर दिवसभर ठीक. फक्त शाळेतून आल्यावर चढलेली. ताईला दोन आणि दोन चार करायला वेळ लागला नाही.

"काय खाल्लंस?"

"काही नाही. डबा."

"डब्याने एवढी चढत नाही. घरी असतेस तेव्हा चढत नाही. मग शाळेतच बरी चढते?"

"मला काय माहीत, आई?"

असं रोज. ताई तिचं दप्तर झाडायची, खिसे उलटे करायची, एकदा तर तोंडाचा वास घेतला. त्या रात्री मला फार राग आला. मी म्हटलंही, "अगं, पोलीस ठाणं आहे का हे?" ताई म्हणाली, "मांजर डोळे मिटून दूध पितं. त्याला वाटतं जगाला दिसत नाही." आणि ताटावर न बसताच आत गेली. आकडा चढलेला असला की ती जेवायचीच नाही. आमच्या घरी उपाशी झोपणं ही ताईची जुनी भांडायची पद्धत आहे. आवाज न चढवता समोरच्याला मेल्याहून मेल्यासारखं करते. मुंगी त्या झाकलेल्या ताटाकडे बघत बसायची.

"मावशी, तुलाही वाटतं का मी खाते?"

"मला नाही वाटत," मी म्हटलं. खरं सांगायचं तर आकडा बघितला की माझंही मन डळमळायचं. मशीन खोटं कशाला बोलेल?

आणि एका संध्याकाळी मुंगी म्हणाली, "हो. खाल्लं. एकीचा वाढदिवस होता. केक."

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. पण झालं उलटंच. ताईने पोरीला जवळ घेतलं आणि रडायला लागली. "एवढंच सांगायचं होतं ना गं! खरं बोललीस, बास. मी रागावणार नाही." त्या रात्री ती आमच्याबरोबर पोटभर जेवली. दोनदा वाढून घेतलं. मुलगी चुकली, मुलगी कबूल झाली, आता सुधारेल. हे तिला समजत होतं. कारण नसताना चढणारी साखर तिला समजत नव्हती, आणि जे समजत नाही त्याने तिची झोप उडायची.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चढली. मुंगी म्हणाली, चॉकलेट. मग आइस्क्रीम. मग कुणाच्या तरी घरून आलेला मिठाईचा डबा. ताई समजूत घालायची, मुंगी मान हलवायची, आणि आम्ही जेवायला बसायचो. घरात शांतता आली. मला ती शांतता काही बरी वाटत नव्हती. ही पोरगी पूर्वी आइस्क्रीमचं नुसतं नाव घेताना ओठांवरून जीभ फिरवायची. आता सांगताना तिची नजर भिंतीवर असायची आणि आवाज हजेरी दिल्यासारखा.

एके दिवशी निळ्या पिशवीतली दोन्ही पाकिटं फुटली, सगळा चिकट जेल आत पसरला. ताईने रात्री पिशवी धुतली. दुपारचं पेनही संपलं होतं, म्हणून सकाळी नवं काढून दिलं. "आजचा दिवस काढ बाई तशीच, संध्याकाळी आणते पाकिटं," असं दहा वेळा बजावून ती कामावर गेली.

दुपारी शाळेतून मला फोन आला. मुंगी वर्गात कोसळली होती.

हॉस्पिटलमध्ये मी पोचले तेव्हा तिच्या हाताला सलाईन होतं आणि चेहरा घामाने निथळत होता. थोड्याच वेळात ताई आली, अंगावर कामावरचं जाड जाकीट तसंच. तिने आल्या आल्या विचारलं, "किती चढली?"

"चढली नाही," तिथली सिस्टर म्हणाली. "उतरली. फार उतरली. वेळेवर आणलीत." मग ती मुंगीकडे वळली. "बाळा, जेवणाआधी किती घेतलंस?"

मुंगीने आकडा सांगितला. सिस्टरने पुन्हा विचारला. ठरलेल्याच्या दुपटीहून जास्त होता.

"रोज थोडं थोडं वाढवत होते," मुंगी म्हणाली. "उतरतच नव्हती. कितीही घेतलं तरी. आजच कसं काय…"

"म्हणजे खायचंही आणि वर सुईही वाढवायची?" ताईचा आवाज चिरका झाला. "जीव गेला असता ना गं!"

मुंगीने डोळे मिटून घेतले. सिस्टर मात्र विचारात पडली होती. "कितीही घेतलं तरी उतरत नव्हती? पेन कुठे ठेवता?"

ताईने सांगितलं. अगदी सविस्तर सांगितलं. पिशवीच्या भिंती, चंदेरी अस्तर, कामावरची पाकिटं, मधला कप्पा. त्या अवस्थेतही तिच्या बोलण्यात तो अभिमान होता, मला तो ऐकवत नव्हता.

"गोठवलेल्या मालासाठी असतात ती पाकिटं?" सिस्टरने विचारलं. "आणि पेन त्यांना चिकटून? अहो ताई, इन्सुलिन गोठवायचं नसतं. एकदा गोठलं की संपलं. दुपारपर्यंत वितळून पुन्हा पातळ होतं, दिसायला काही फरक नाही, पण त्यात दम राहत नाही. पोरगी इतके दिवस जवळजवळ पाणी टोचून घेत होती. आज कसं काय लागू पडलं?"

"आज पाकिटं नव्हती," मी म्हटलं. "पेनही नवं."

सिस्टरने मान हलवली. ती वाईट बोलली नाही, उलट ताईच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या खाटेकडे गेली. ताई त्या जाड जाकिटात उभी होती. मला वाटलं, आता म्हणेल की थंडीने काही नासत नाही. पण ती खाटेच्या कडेवर बसली.

"मग केक?" तिने विचारलं.

"नव्हता."

"चॉकलेट? आइस्क्रीम?"

"काहीच नव्हतं, आई."

"मग कबूल का केलंस? मी मारत होते का तुला?"

मुंगीने डोळे उघडले. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, "खरं सांगत होते तेव्हा तू जेवत नव्हतीस. खोटं सांगितलं तेव्हा जेवलीस."

ताईने तोंडाला पदर लावावा तसा जाकिटाचा हात लावला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. मला बहिणीचा संताप येत होता आणि बहिणीची दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस कुचकामी होतो. मुलीसाठी जगातली सगळ्यात सुरक्षित पिशवी शोधणारी बाई ती. तिच्यावर ओरडायचं तरी काय म्हणून?

घरी आल्यावर ताईने शंभर वेळा माफी मागितली. ती निळी पिशवी तिने स्वतः कचऱ्यात टाकली. "तुला हवी ती घे, मी दुकानात येतच नाही," म्हणाली. मुंगी माझ्याबरोबर आली, पहिली हाताला लागली ती उचलली, कोणता रंग आहे तेही पाहिलं नाही. दुपारची साखर जागेवर आली. ताईने "काय खाल्लंस" हे दोन शब्द घरातून हद्दपार केले. संध्याकाळी मुंगी बोट टोचायची तेव्हा ताई मुद्दाम दुसऱ्या खोलीत काहीतरी आवराआवर करायची. मला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली.

मग मुंगीला ताप आला. दोन दिवस ती घरी, माझ्या मशीनशेजारी गादी टाकून पडून होती. पेजेसारखं पातळ काहीतरी मी चमच्याने भरवत होते, त्यातलंही निम्मं ती परत करायची. सिस्टरने आधीच सांगून ठेवलं होतं की तापात साखर चढते, घाबरू नका, फोन करा.

संध्याकाळी ताई कामावरून आली. मुंगीने उशीला टेकून बोट टोचलं. आकडा बराच वर होता. ताईने तो पाहिला. तिने काही विचारलं नाही. चेहराही बदलू दिला नाही, मी साक्षीला होते. ती फोन घ्यायला वळली.

"मी खाल्लं, आई," मुंगी म्हणाली.

ताई थांबली. "काय?"

"बिस्किटं. मावशीचा डोळा लागला तेव्हा."

माझा डोळा लागला नव्हता. घरात बिस्किटांचा पुडाही नव्हता. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. नाही. ताई पुन्हा पोरीकडे वळली. तू खाल्लं नाहीस म्हणावं, तर पुन्हा पोरीला खोटारडी ठरवायचं. खाल्लंस म्हणावं, तर काय उरतं?

"अगं, ताप आहे तुला," ताई कशीबशी म्हणाली. "तापाने चढते."

"हो," मुंगी म्हणाली. लगेच मान्य केलं तिने, तेही तसंच, हजेरी दिल्यासारखं. मग आईच्या चेहऱ्याकडे नीट बघत विचारलं, "आता जेवशील ना?"

ताईने फोन केला, सिस्टरने सांगितलं तेवढं औषध दिलं. मग स्वयंपाकघरातून ताट वाढून आणलं आणि गादीशेजारी जमिनीवर बसली. मुंगी कुशीवर वळून बघत होती. ताई एकेक घास चावून, गिळून, पुढचा घेत राहिली. मुंगीने डोळे मिटले ते ताट रिकामं झाल्यावरच.