निम्म्यावरच वाजलेलं टक्

मित्रांनो, आधी मला नीट बघून घ्या आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मला डोकं आहे, मान आहे, छाती आहे. हात नाहीत, आणि कमरेखाली तर काहीच नाही. मी रबराची आणि प्लॅस्टिकची एक जुनी, अर्धी डमी आहे. अँब्युलन्सवर नोकरी करायची असते ना, ती माणसं माझ्यावर शिकतात. एखाद्याचं हृदय बंद पडलं तर त्याची छाती कशी दाबायची, तोंडाने श्वास कसा द्यायचा, हे सगळं आधी माझ्यावर करून बघतात.

आणि मी खोटं बोललेली आहे. एकदा नाही, वर्षभर. ते सांगायलाच आज तोंड उघडलंय. एरवी माझं तोंड दुसऱ्याने फुंकण्यापुरतंच उघडतं.

माझा जन्म एका परदेशी कारखान्यात झाला. माझ्या छातीत एक स्प्रिंग बसवली आणि तिच्याखाली पत्र्याची एक पट्टी स्क्रूने आवळली. छाती दीड-दोन इंच खाली गेली की पट्टी वाजायची, टक्! टक् म्हणजे बरोबर. टक् नाही म्हणजे पुन्हा दाबा. एवढा एकच शब्द मला बोलता येतो. मग मला पेटीत निजवलं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला इंग्रजीत छापलेला एक कागद चिकटवला. त्या कागदाकडे मी पुढे येणार आहे.

१९९० साली मी बेंगळूरला आले. व्हाइटफील्डच्याही पुढे, होसकोट्याच्या रस्त्याला एका धर्मादाय ट्रस्टचं लहानसं केंद्र होतं. त्या वेळी तिथे द्राक्षांचे मळे होते आणि मधूनमधून एखादा कारखाना. केंद्रात सहा महिन्यांचा वर्ग चालायचा. स्ट्रेचर उचलणं, ऑक्सिजन लावणं, मोडलेला हात बांधणं आणि शेवटी मी. माझ्यावरची परीक्षा पास झाली की सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट असलं की अँब्युलन्सवर जागा.

शिकवायला देवाप्पा सर होते. बेळगावकडचे, लष्कराच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. मिशा अशा की विद्यार्थी आधी मिशांनाच घाबरायचे. वर्गात ते कानडी आणि हिंदी बोलायचे, पण कुणी मराठी भेटलं की त्यांची जीभ सैल सुटायची.

आणि होते आप्पाजी. केंद्राचे माळी, रखवालदार, सगळं काही. त्यांचं घराणं चार पिढ्या बेंगळुरातच, त्यामुळे त्यांच्या मराठीत अर्धी कानडी. मला बघितल्याबरोबर त्यांनी ठरवून टाकलं की ही मुलगी आहे. का, ते देवच जाणे! माझा चेहरा कुणासारखाच नाही. पण ते मला ‘तंगी’ म्हणू लागले. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. बांगड्या घालायला हात नव्हते, म्हणून त्यांनी मला टिकली लावली. रोज वर्ग सुटला की ते स्पिरिटच्या बोळ्याने माझं तोंड पुसायचे, छातीवरून फडकं फिरवायचे आणि विचारायचे, “दुखलं का ग तंगी? स्वल्प विश्रांती घे आता.”

मला दुखत नसे. पण विचारलं की बरं वाटे.

आप्पाजींनीच माझ्या पेटीच्या झाकणात कॅलेंडरवरच्या देवीचं चित्र चिकटवलं. माझं रक्षण व्हावं म्हणून. नेमकं त्या इंग्रजी कागदावर. त्यांना कुठे इंग्रजी येत होतं?

दर वर्षी आयुधपूजेला ते मला अंगणात आणायचे. तुमच्याकडे खंडेनवमी म्हणतात ना, तोच दिवस. अँब्युलन्सला केळीचे खुंट बांधायचे, चाकांखाली लिंबं ठेवायची, कोहळा फोडायचा. शेजारी बाकावर मी, गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर हळदकुंकू. मला फार मिरवायला आवडायचं. सहा वर्षं माझी पूजा झाली. सहा वर्षांत माझी छाती कुणी एकदाही उघडून बघितली नाही.

पहिली पाच वर्षं मी फार कडक होते. दहातले चार तरी माझ्यापाशी नापास व्हायचे. घाम गाळायचे, मनगटं चोळायचे आणि मला शिव्या द्यायचे. “दगड आहे ही!” असं एकजण म्हणाला होता. मला वाईट वाटायचं. आपण कुणाला आवडत नाही, हे रबरालासुद्धा कळतं.

मग १९९५ साली देवाप्पा सर मला महादेवपुऱ्याच्या एका कारखान्यात प्रात्यक्षिकाला घेऊन गेले. अँब्युलन्समध्ये मी तशीच मागे पडलेली, पेटीत न ठेवता. रस्त्याला ही खड्ड्यांची रांग! येताना एका खड्ड्यात मी उडाले आणि छातीवर आपटले. आत काहीतरी सैल झालं. पट्टीचा स्क्रू ढिला झाला होता आणि पट्टी वर सरकली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी निम्म्यावरच टक् म्हणू लागले.

पोरांना नवल वाटलं. मग आनंद झाला. त्या बॅचला सगळेच्या सगळे पास! ट्रस्टची मंडळी येऊन गेली, फळ्यावर ‘निकाल शंभर टक्के’ असं लिहिलं, देवाप्पा सरांना शाल दिली. सरांच्या मिशा नुसत्या फुलून आल्या. एका मुलीने तर माझ्या गालाचा मुका घेतला.

आता तुम्ही म्हणाल, यात तुझा काय दोष, स्क्रूचा दोष. तुम्ही भले आहात. पण मला कळत होतं हो! माझी छाती किती खाली जातेय, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? मला कळत होतं आणि मला ते आवडत होतं. कुणी शिव्या देत नव्हतं, सगळे हसत उठत होते. शी! आजही ते आठवलं की पेटीचं झाकण ओढून घ्यावंसं वाटतं, आणि ओढायला हातही नाहीत.

पुढच्या बॅचला कस्तुराबाई आली. तिशीची असेल. निपाणीकडची, अंगाने काटकुळी, एका नर्सिंग होममध्ये आयाचं काम करणारी. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, “कस्तुराक्का, हे कशाला शिकायचंय तुला?”

ती म्हणाली, “माझा भाऊ भरल्या बसमध्ये कोसळला, सर. तीस-चाळीस माणसं होती. मीपण होते. सगळ्यांनी नुसतं बघितलं. मला परत तसं नुसतं बघत उभं राहायचं न्हाई.”

देवाप्पा सर खाकरले आणि म्हणाले, “सरी, ठीक आहे. बस खाली गुडघ्यावर.”

ती सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या नंतर जायची. आप्पाजी तिला पाणी आणून द्यायचे; ती त्यांना थोरल्या भावासारखं ‘आण्णा’ म्हणायची. एवढी काटकुळी बाई, पण तिने पहिल्यांदा दाबलं तेव्हाच मी टक् म्हटलं. ती थांबली. माझ्या छातीकडे बघत राहिली.

“सर, लई लवकर वाजलं का हो? एवढ्यावरच?”

मित्रांनो, वर्षभरात हे फक्त तिने विचारलं. आता उघडतील, आता बघतील, असं वाटलं. पण शंभर टक्के निकालाची शाल सरांच्या खांद्यावर अजून ताजी होती.

“तुझा हात बसला बघ, अक्का,” सर हसून म्हणाले. “काहींचा जन्मजात असतो. वाजलं म्हणजे झालं.”

तिने पुन्हा दाबलं. मी पुन्हा टक् म्हटलं. चार महिने ती रोज शंभर-शंभर वेळा तेच करत राहिली. ऑक्टोबरात ती पहिली आली. सरांनी तिला सर्टिफिकेट दिलं आणि आमच्याच अँब्युलन्सवर जागा दिली.

त्याच आठवड्यात आयुधपूजा होती. सकाळचं कोवळं ऊन, धुतलेली अँब्युलन्स, बाकावर मी. ड्रायव्हर दयानंद केळीचे खुंट बांधत होता. देवाप्पा सर चुरमुरे आणि पेढे आणायला सायकलवरून गेले होते. आप्पाजी कुंकवाचं तबक घेऊन माझ्याकडे आले. “थांब तंगी, आधी तुला,” म्हणाले. त्यांचं बोट माझ्या कपाळापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. तोंड वेदनेने वाकडं झालं. तबक खाली पडलं आणि पाठोपाठ आप्पाजी.

कस्तुराबाई धावली. हाक मारली, श्वास बघितला, मानेला हात लावला. “दयानंद, गाडी काढ!” ओरडली. गुडघ्यावर बसली आणि दाबायला लागली. सगळं अगदी शिकवल्यासारखं. कोपरं ताठ, खांदे बरोबर वर, तोंडाने मोजणी.

आणि हात निम्म्यावर थांबत होते.

मी चार हातांवर होते. मला सगळं दिसत होतं. माणसाच्या छातीत टक् वाजत नाही, हे तिला ठाऊक होतं, पण तिच्या हातांना मी तेवढंच शिकवलं होतं. मी मनात किंचाळले, अगं अजून दाब, अजून खाली! पण मला एकच शब्द येतो, आणि तोही कुणी दाबलं तर.

दयानंदची किल्ली सापडत नव्हती. पाचेक मिनिटं गेली असतील. देवाप्पा सर फाटकातून आले, सायकल टाकली, चुरमुरे सगळ्या अंगणात उधळले. एक क्षण त्यांनी तिच्या हातांकडे बघितलं.

“अगं, एवढंच? बाजूला हो!”

त्यांनी दाबलं तेव्हा आप्पाजींची बरगडी मोडल्याचा आवाज आला. मी तसलं कधी ऐकलं नव्हतं. छाती खाली गेली, वर आली, खाली गेली. तोवर गाडी सुरू झाली. केळीच्या खुंटांसकट, हारासकट गाडी निघाली. मी बाकावर एकटी उरले. कोहळा तसाच होता.

रुग्णालयात विजेचा झटका दिल्यावर आप्पाजींचं हृदय चालू झालं. ते वाचले. पण डॉक्टर म्हणाले की मेंदूला काही मिनिटं पुरेसं रक्त पोचलं नाही. किती परत येईल सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. सुट्टी होती, तरी सकाळी कस्तुराबाई आली. सरांच्या टेबलावर सर्टिफिकेट ठेवलं.

“मला न्हाई जमलं, सर. आण्णांच्या जागी दुसरं कोण असतं तरी न्हाई जमलं असतं. मी आयाच बरी.”

“पण तू एवढंच का दाबत होतीस?” सरांनी विचारलं.

“टक् वाजेपर्यंत दाबायचं, असंच शिकले की मी.”

सर उठले. माझ्यापाशी गुडघ्यावर बसले आणि हळूच दाबलं. टक्! त्यांनी हात तसाच धरून ठेवला आणि तिला म्हणाले, “फूटपट्टी आण.” तिने मोजलं. एक इंचसुद्धा नव्हता.

सरांनी हात उचलला. मग माझी पेटी ओढली आणि झाकणातल्या देवीच्या चित्राचा सुटलेला कोपरा हलकेच उचलला. खाली कागद होता. सरांनी एकेक शब्द जुळवत वाचला. दर सहा महिन्यांनी छाती उघडा, स्क्रू आवळा, खोली मोजा.

“तू विचारलं होतंस,” सर म्हणाले. “तू मला विचारलं होतंस, अक्का, आणि मी हसलो.”

मला वाटलं, आता मला भंगारात टाकतील. टाकलं असतं तर सुटले असते. पण सरांनी तिचं सर्टिफिकेट फाडलं आणि म्हणाले, “तुझं एकटीचं नाही. खड्ड्यात ही आपटली, त्यानंतर जे जे पास झाले, त्या सगळ्यांचं रद्द. उद्यापासून तू पुन्हा शिकणार, आणि मीपण.”

कस्तुराबाई लगेच हो म्हणाली नाही. तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी आली, पदर खोचला आणि स्क्रूड्रायव्हर मागितला.

सरांनी त्या सगळ्यांना पोस्टकार्डं लिहिली, एक्केचाळीस. ‘मी तुम्हाला चुकीचं शिकवलं आहे. कृपया परत या.’ सव्वीसजण आले. काही कार्डं पत्ता सापडला नाही म्हणून परत आली, काहींचं उत्तरच नाही. ते पंधराजण कुठल्या गाडीवर असतील, कुणाच्या छातीवर निम्म्यावर थांबत असतील, याचा विचार मी आजही करते. मी आता नीट वाजते, पण ते कळवायला त्यांच्यापर्यंत मला जाता येत नाही.

पुढच्या वर्षीच्या आयुधपूजेला कस्तुराबाई अँब्युलन्सच्या पुढच्या सीटवर बसून आली. छातीवर तिचं नवं ओळखपत्र होतं. होसकोट्याला लेकीकडे राहणाऱ्या आप्पाजींना ती सोबत घेऊन आली होती. तिने त्यांना खुर्चीवर बसवलं. मग हार बाजूला ठेवून आधी माझी छाती उघडली, स्क्रू आवळला, फूटपट्टीने मोजलं आणि वहीत तारीख लिहिली. नंतर एका नव्या मुलीला माझ्यापुढे बसवलं. मुलीने निम्म्यापर्यंत दाबलं आणि आशेने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी गप्प राहिले. तिने ओठ चावले, पुन्हा दाबलं. मी गप्प. किती जड जातं म्हणून सांगू!

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, कामावर माझ्यासारख्या वस्तू असतील. त्यांना हार घाला, कुंकू लावा, आम्हाला ते आवडतं. पण आधी उघडून बघा. आणि आमचं उत्तर फारच लवकर आलं असं वाटलं, तर कस्तुराबाईसारखं विचारा, आणि कुणी हसलं तरी पुन्हा विचारा. आम्हाला आपणहून कबूल करता येत नाही.

पूजा झाली तेव्हा आप्पाजी माझ्याकडे बघत होते. “ही कोण?” त्यांनी विचारलं.

“तुमची तंगी, आण्णा,” कस्तुराबाई म्हणाली.

त्यांना काही आठवलं नाही. नाव नाही, केंद्र नाही, तो दिवस नाही. पण त्यांनी हात पुढे केला, माझ्या छातीवरून सावकाश फडकं फिरवल्यासारखा फिरवला आणि म्हणाले, “दुखलं का ग?”

दुखतं, आण्णा. आता दुखतं.