लॅपटॉपचं पोलकं

आदिलाबादजवळच्या बेला गावातल्या निम्म्या बायकांची मापं रुख्मिणीच्या वहीत होती. त्यामुळे जगातल्या कोणत्याही वस्तूला आपण अंगाबरोबर कापड बसवू शकतो, असा तिचा समज झालेला.

पोरगी, प्रणिता, हैदराबादेत सिव्हिल इंजिनिअरिंगला लागली तेव्हा कॉलेजनं यादी पाठवली: सोळा जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर कॉलेजच्या ईमेलवर फुकट मिळणार होतं. लॅपटॉपचं मात्र आपलं आपण पाहायचं होतं. नवरा दौलत शाळेत क्लार्क. त्याला आदिलाबादच्या दुकानातला नवा, पातळ, चकचकीत लॅपटॉप आवडला. पण त्यात रॅम आठच जीबी. रुख्मिणीनं यादीवर बोट ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली आणि वापरलेला, जाडजूड, पण यादीत बसणारा लॅपटॉप उचलला.

"माही मशीनबी जुनीच घेतली होती," ती म्हणाली. "वीस वर्सं झाले, टाका सोडत नाई."

घरी येताच तिनं टेपनं त्याचं माप घेतलं. निळं कापड, लाल अस्तर, मधे घरच्या कापसाचा थर. पडद्याला, बटणांना आणि चार्जरला तेवढ्या जागा मोकळ्या. खालच्या आणि बगलेच्या जाळीतून धूळ आत जाईल, म्हणून ती जाळी तिनं सगळ्यात आधी झाकली. दौलत हसला. "लॅपटॉपले पोलकं शिवलं का वं?"

दसऱ्याच्या सुट्टीत प्रणिता घरी आली. दोन खोल्यांच्या घराचा नकाशा काढून रविवारी पाचच्या आत पाठवायचा होता. उशीर झाला तर शून्य. दुपारी अडीचला ती बसली, पण दर दहा मिनिटांनी लॅपटॉप भणभण करायचा आणि बंद पडायचा.

साडेतीन वाजता तो चौथ्यांदा गेला तेव्हा दौलत म्हणाला, "जुन्या मालाचं असंच असते."

रुख्मिणीला ते सुईसारखं टोचलं. माल तिनंच निवडला होता. तिनं लॅपटॉपवर हात ठेवला. तापलेल्या इस्त्रीसारखा लागत होता.

"हॉस्टेलात असाच करे का?"

"नाई. तिथं बरा चालते. परवाच तीन तास चालवला."

"तिथं कशावर ठेवते?"

"टेबलावर."

"अन् इथंबी टेबलावरच. मंग इथं काऊन बंद पडून राह्यला?"

प्रणिताची नजर निळ्या कापडावर गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. शिवणाऱ्या बाईला गिऱ्हाइकाची अशी नजर कळते. ब्लाऊज काखेत काचत असतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, छान झालं.

"तिथं काढून ठेवते काय हे?"

"पोरी हसतात वं आई," प्रणिता पुटपुटली. "इथं तुले वाईट वाटन म्हणून घातलं."

रुख्मिणीनं कात्री घेतली आणि शिवण सरळ उसवली. लॅपटॉप सुरू केला तशी बगलेच्या जाळीतून गरम वारा तिच्या मनगटावर आला. ती थोडा वेळ हात तसाच धरून बसली.

"धूळ जाऊ नये म्हणून शिवलं," ती दौलतला म्हणाली, "तं श्वासच कोंडला याचा. माल चांगला हाय. शिलाई चुकली."

दौलत चहा ठेवायला स्वतः उठला.

त्यानंतर लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही. पावणेपाचला प्रणितानं पडद्यावरचा नकाशा आईला दाखवला. रुख्मिणीनं यादीसारखंच बोट ठेवून तो पाहिला.

"स्वयंपाकघराले खिडकी कुठं हाय? धूर कुठून जाईन?"

प्रणितानं कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "लॅपटॉपच्या खिडक्या शिवून टाकणारी बाई मले विचारते!"

"म्हणून तं चूक दिसली. लाव लवकर."

खिडकी बसली. पाचला चार मिनिटं कमी असताना नकाशा गेला.

संध्याकाळी रुख्मिणी उसवलेलं कव्हर घेऊन मशीनवर बसली. दोन्ही बगलांना आणि खाली तिनं चौकोन कापले, कडा दुमडून बारीक टीप घातली.

"आता हसतील का पोरी?"

"आता तं जास्तच हसतील."

"मंग बॅगेत ठेवताना घालत जाय," रुख्मिणी म्हणाली आणि दातानं दोरा तोडला.