वासराचं पोट भरल्यावर

वासुदेवरावांनी दूध सोडलं त्याला अकरा वर्षं झाली होती. घरच्या गाईचं वासरू मेलं आणि ती पान्हा चोरू लागली, तेव्हा गवळ्यानं त्या वासराच्याच कातड्यात भुसा भरून ते तिच्यापुढे उभं केलं. गाय ते चाटत राहिली, दूध देत राहिली. तेव्हापासून पवनारच्या त्या घरात म्हाताऱ्याचा चहा कोरा होऊ लागला.

यंदाच्या आजारपणात ते फार खंगले. सावंगीच्या डॉक्टरांनी दूध घ्यायला सांगितलं, पण ते काही ऐकेनात. मग एक दिवस मुलगा अंकुश काचेची बाटली घेऊन आला. वासुदेवरावांनी चष्मा लावून लेबल वाचलं : ‘वासराचं पोट भरल्यावरच काढलेलं दूध’. पुन्हा वाचलं. आणि पेलाभर दूध प्याले.

सून वर्षाली ओट्याशी उभी होती. ते लेबल तिच्याच हातचं होतं. सेलूच्या रस्त्यावरच्या एका डेअरीत ती दिवसभर बाटल्यांवर लेबलं चिकटवायची. दूध टँकरनं यायचं, दहा गावांचं एकत्र झालेलं. कोणत्या वासराचं पोट भरलं, हे तिथं कोणी विचारत नव्हतं.

महिनाभर तिनं जीभ आवरली. म्हाताऱ्याच्या अंगात ताकद येत होती. पण ते शेजारच्या शकुबाईलाही सांगू लागले, “दूध घ्याचं तं हेच घे, आमची वर्षाली तिथंच कामाले आहे,” तेव्हा वर्षालीला राहवेना.

“मामाजी, ते लेबल खोटं आहे.”

“खोटं कसं? छापलं आहे ना.”

“छापलेलं मीच चिकटवतो. दूध टँकरचं येते.”

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “मले ने तिथं. मी सोता पाह्यतो.”

तिला हायसं वाटलं.

रविवारी ती त्यांना घेऊन गेली. फाटकाजवळच, भेटीला येणाऱ्यांसाठी, एक गोठा होता. चार गाई, चार वासरं. एक वासरू ढुशा देत पीत होतं, तोंडाला फेस आलेला. वासुदेवराव कठडा धरून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

“मामाजी, हे नुसतं दाखवाले ठेवलं आहे. मांगं चला, टँकर तिकडून येते.”

मागच्या दारावर पहारेकऱ्यानं हात आडवा केला. “पाहुण्यांले आत जाता येत नाई, ताई. तुमाले तं मालूम आहे.”

“चाल पोरी,” वासुदेवराव मऊपणानं म्हणाले. “काऊन उगाच त्याईचं नाव खराब करतं? तुले तिथं कोणी घालूनपाडून बोललं काय?”

त्यांनी दोन बाटल्या घेतल्या आणि बसमध्ये त्या मांडीवर धरून बसले.

संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं, की म्हातारा डोळ्यांनी पाहून आला. मागणी वाढली, आणि सोमवारी डेअरीत पवनारसाठी वेगळं क्रेट निघालं. वर्षालीपुढे नव्या बाटल्यांचा ढीग आला. तिनं पहिली बाटली पुसली आणि तिच्यावर चिकटवायचं लेबल कागदावरून सोलायला नख लावलं.