पक्ष्यांचं वावर

शेवटची घंटा झाली आणि मी अक्षरशः उड्या मारत वर्गाबाहेर आले. सोनपेठच्या त्या केंद्रावर तालुक्यातली ढीगभर पोरं होती, पण माझ्याइतकं खूश कुणीच नसेल. वाचन चाचणी होती. उतारा वाचायचा, खालचे प्रश्न वाचायचे आणि बरोबर उत्तराचा गोल पेनानं काळा करायचा. वाचनात अपेक्षाला हरवणारं आपल्या शाळेत कुणी नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. अपेक्षा म्हणजे मीच. एक संघप्रिया तेवढी माझ्या तोडीची होती, पण ते सांगायची काय गरज?

प्रत्येक शाळेतून एकालाच पुढं परभणीला पाठवणार होते. तिथं मोठ्या सभागृहात माईकवर नाव पुकारतात आणि स्टेजवर उभं राहून सगळ्यांना उतारा वाचून दाखवायचा असतो. परभणी मी पाहिली होती, पण ती दाढ दुखत होती म्हणून, गालाला रुमाल बांधून. आता मला ती स्टेजवरून पाहायची होती. मला इतकं जायचं होतं की रात्री झोपेतसुद्धा मी उतारे म्हणते, असं आई म्हणायची.

सविता बाई आम्हाला घेऊन आल्या होत्या. त्यांना केंद्रावर सह्या करायच्या होत्या, म्हणून त्यांनी आम्हा चौघांना समोरच्या बसस्टँडवर बसवलं आणि जागचं हलायचं नाही असा दम भरला. आम्ही कशाला हलतोय! उत्तरपत्रिका जमा झाल्या होत्या, पण प्रश्नपत्रिका घरी न्यायला दिल्या होत्या आणि त्यांच्यावर आम्ही खुणा करून ठेवल्या होत्या. बाकड्यावर बसतो न बसतो तोच त्या उघडल्या.

"पहिला?"

"दोन."

"माझा बी दोन!" संघप्रिया ओरडली.

"मी तीन केला," नागेश म्हणाला.

"कामून?"

"सरावात पहिल्याला दोन लय वेळा आल्ता. मला वाटलं, आता तीनचा नंबर लागू द्यावा."

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. बजरंगानं तर एक अख्खं पान उलटायचंच सोडलं होतं. ते कळल्यावर त्यानं कपाळावर हात मारला आणि शेंगदाणे घ्यायला निघून गेला. राहिलो आम्ही दोघी. तिसरा जुळला, चौथा जुळला. जुळला की आम्ही एकमेकींना टाळी द्यायचो आणि टाळ्या इतक्या जोरात वाजायला लागल्या की तिकडच्या फलाटावरची माणसं वळून बघायला लागली.

पण मधेच माझ्या डोक्यात आलं. सगळंच जुळलं, तर पाठवणार कुणाला? परभणीला संघप्रियालाही जायचं होतं. ती माझ्यासारखी गावभर सांगत सुटत नाही, इतकंच. तिचे बाबा गावात कपडे शिवतात. त्यांच्या मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून ती रोज वाचत बसते, हे मी स्वतः पाहिलं होतं. म्हणून ती टाळी देताना मी हसत होते, पण मनात म्हणत होते, एक तरी चूक गं बाई, एक तरी.

शेवटचा उतारा एका तळ्याचा होता. त्यात वाक्य होतं, 'हिवाळ्यात तळ्याकाठी परदेशी पक्ष्यांचा वावर असतो.' आणि खाली प्रश्न, वावर म्हणजे काय?

"शेत," मी म्हणाले. हा काय प्रश्न झाला!

"हिंडणे-फिरणे," संघप्रिया म्हणाली.

टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. मग मला एकदम कळलं. बाकी सगळं सारखं आहे. फरक या एकाच ठिकाणी आहे. म्हणजे जिचं हे बरोबर, ती परभणीला. मी बाकड्यावर उभीच राहिले.

"चुकलीस! संघप्रिये, चुकलीस तू! वावर म्हंजी शेत. शेंबड्या पोराला बी म्हाईत हाय!"

"पण पक्ष्यांना शेत कसं असंल?" ती हळूच म्हणाली.

"मी बी शेतच केलंय," नागेश माझ्या बाजूनं आला. मग जरा विचार करून म्हणाला, "पण परदेशी पक्ष्याच्या नावानं सातबारा निघतोय का?"

"गप रे. आपल्याकडं वावराला नावं असतात की न्हाई? चिंचंचं वावर, नाल्याचं वावर. आता चिंच काय नांगर धरती का? तसंच हे. तळ्याकाठचं, पक्षी उतरतेत ते, पक्ष्यांचं वावर!"

मला माझाच अभिमान वाटला.  संघप्रिया पुन्हा पुन्हा प्रश्नपत्रिका बघत होती. शेजारच्या बाकड्यावर बाजाराची पिशवी घेऊन बसलेले तात्याराव आमच्याच गावचे. मी त्यांनाच साक्षीला बोलावलं.

"तात्या, वावर म्हंजी काय हो?"

"वावर म्हंजी वावर!" तात्याराव चकित झाले. "कापूस लावतेत त्ये. येवढं बी म्हाईत न्हाई? काय शिकवायलेत गं शाळंत?"

"बघ!" मी नाचायलाच लागले. नागेशनं शिट्टी मारली. शेंगदाणे घेऊन आलेला बजरंग काय चाललंय ते न कळताच माझ्या बाजूनं ओरडायला लागला. संघप्रियाचे डोळे भरून आले होते. मला ते दिसलं, पण मी थांबले नाही. थांबावंसं वाटलंच नाही. आता सगळ्या स्टँडला वाचून दाखवायचं म्हणून मी प्रश्नपत्रिका समोर धरली आणि परभणीच्या स्टेजवर उभी असल्यासारखी खणखणीत आवाजात वाचलं,

"हिवाळ्यात तळ्याकाठी परदेशी पक्ष्यांचं वावर असतं!"

"तसं न्हाई तिथं," संघप्रिया म्हणाली.

"काय न्हाई?"

"चं न्हाई. चा हाय." तिनं डोळे पुसले आणि उठून माझ्याजवळ आली. तिचं बोट ओळीवर टेकलं. "पक्ष्यांचा वावर असतो. तू चं वाचलीस. असतं बी वाचलीस. पेपरात तसं न्हाईच."

मी बघितलं. चा. काळ्या शाईत, ठसठशीत. कितीही डोळे फाडून बघितलं तरी चा.

"आता सांग," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज वाढत चालला होता, "तू आमचं वावर म्हणतीस का आमचा वावर म्हणतीस?"

आमचा वावर असं कुणी म्हणतं का! नागेशनं ते तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं आणि फिसकन हसला. तात्यारावांनीही म्हणून पाहिलं आणि मान हलवली. शेत असेल तर ते वावर. इथं मात्र 'तो वावर' छापला होता, म्हणजे हा कुणी दुसराच होता.

"छपाईची चूक हाय!" मी ओरडले. "छापणाऱ्याला मराठी येत न्हाई!"

तेवढ्यात सविता बाई आल्या. त्यांनी ओळ वाचली आणि एक क्षणही न घालवता संघप्रियाच्या पाठीवर जोरात थाप मारली. "शाब्बास गं! उत्तर हिंडणे-फिरणेच. मला वाटलंच होतं, आपल्याकडची अर्धी पोरं इथं घसरणार."

संघप्रिया आधी गोंधळली, मग हसली आणि मग अशी किंचाळली की कंडक्टरनं बसमधून डोकं बाहेर काढलं. मी मात्र चांगलं मोठ्यानं रडले. लपवायचं कशाला? बसमध्ये मी मुद्दाम नागेशजवळ बसले. पण एक गोष्ट मला काही केल्या उमगत नव्हती आणि ती विचारल्याशिवाय राहवेना. गाव यायच्या आधी मी उठले आणि संघप्रियाला सरकवून तिच्या शेजारी बसले.

"वावर म्हंजी शेत, हे तुला बी म्हाईत हाय की. मग तू कशी न्हाई फसलीस?"

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. "पण तुमी सगळे दिवसभर आमचं वावर, आमचं वावर करता. तुमच्या तोंडात ते चं बसलंय. आमाला वावरच न्हाई, त मी कवा म्हणणार? म्हणून जे लिवल्यालं होतं, तेच वाचलं."

हे ती अगदी सहज म्हणाली, मला टोचायला नाही.  नागेश पुढच्या सीटवरून वळून ऐकत होता. इतकी वर्षं तिच्यासोबत शाळेत जाते मी, आणि हे कधी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आमची ज्वारी हुरड्याला आलीय," मी म्हणाले. "तू यायचं. येकदा न्हाई, रोज यायचं."

संघप्रियानं माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे चमकले.

"म्हंजी तुमच्या वावरात माझा वावर?"

नागेश इतका मोठ्यानं हसला की त्याच्या हातातले शेंगदाणे बसभर सांडले. मलाही हसू आवरेना.

"हाव," मी म्हणाले. "पण परभणीहून जिंकून ये. हरून आलीस त हुरडा न्हाई."