फाटक्या पुस्तकांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. वय विचारू नका. माझ्या बिजागऱ्या किती कुरकुरतात, त्यावरून काय ते समजा.

सुताराने मला सिनेगॉगसाठी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरासाठी घडवलं. प्रार्थनेचं पुस्तक जीर्ण झालं, की ते फडक्यात बांधून माझ्यात ठेवत. देवाचं नाव असलेला कागद ही माणसं कधी फेकत नसत. मी भरले, की सगळे मिळून मला दफनभूमीत नेत आणि ती पानं माणसासारखी मातीत पुरत. मग मी हलकी होऊन परत येई. असं तीनदा झालं. चौथ्यांदा भरले, तोवर माणसंच पांगली. दाराला कुलूप लागलं. रंगीत काचांतून ऊन यायचं, फरशीवरून सरकत माझ्यापर्यंत पोचायचं आणि निघून जायचं. त्या उन्हात वाटायचं, पानं आतल्या आत पुटपुटताहेत. कितीतरी वर्षं मी अर्धवट झोपेतच होते म्हणा ना!

मग कुलूप निघालं, भिंतींना रंग लागला आणि तिथे सांस्कृतिक केंद्र झालं. गाण्याचे वर्ग, नाटकाच्या तालमी! खरं सांगते, मला ते आवडलं. मुली माझ्यावर बसून, पाय हलवत संवाद पाठ करायच्या. पण माझ्या पोटात काय आहे, ते कुणी विचारलं नाही.

एकदा नाटकाला पेटी हवी म्हणून व्यवस्थापकबाईंनी मला उघडलं. "अगं बाई, ही तर नुसती रद्दी! मावशी, उद्या रद्दीवाला आला की देऊन टाका." माझं तर धाबंच दणाणलं.

झाडलोट करणाऱ्या मावशी पानं पोत्यात भरू लागल्या आणि थबकल्या. त्यांना ती हिब्रू अक्षरं वाचता येत नव्हती. "बाई, रद्दी कुणी फडक्यात बांधून ठेवतं का हो?"

बाई ओशाळल्या. शोधाशोध करून त्यांनी गावात उरलेल्या एकुलत्या एका ज्यू आजोबांना बोलावलं. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. माझ्यावर हात ठेवून ते रडलेच. "हे राहून गेलं होतं. पण न्यायला माझी माणसं कुठायत आता?"

"आम्ही आहोत ना," बाई म्हणाल्या.

नाटकवाल्या मुलींनी मला उचलून दफनभूमीत नेलं, मावशींनी खड्डा खणला, आजोबांनी प्रार्थना म्हटली. पानं मातीत गेली आणि मी हलकी होऊन परत आले.

मित्रांनो, काही टाकण्याआधी ते कुणाचं आहे, एवढं विचारत जा. माझं दुसरं मागणं नाही.

परवा आजोबा स्वतःचं फाटलेलं पुस्तक माझ्यात ठेवायला आले. म्हणाले, "ही पुन्हा भरेल, तेव्हा मी नसेन."

झाडू थांबवून मावशी म्हणाल्या, "जागा आम्हाला ठाऊक आहे, आजोबा."