कामिलच्या घरची शिट्टी

खैरुनबीनं गॅसचं बटण फिरवून बंद केलं आणि दारात येऊन गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली,

"आज चूल न्हाय."

उचगावातल्या बांधकाम मजुरांच्या या गल्लीत एवढं पुरत असे. युनियनचा माणूस पोलिसांनी उचलला की घरोघरी चूल बंद, आणि सकाळी सगळ्या बाया उपाशीपोटी चौकीच्या दारात. त्यांच्यापुढं भल्याभल्या फौजदारांनी हात टेकले होते. आज उचललेला माणूस तिचा नवरा, कामिल. युनियनचा लाल बावटा म्हणजे राज्याला धोका, असं नवा फौजदार म्हणाला. बांधकामाच्या परांचीवरून माणूस पडला तर त्याला खांद्यावर घेऊन दवाखाना गाठणारा कामिल, तो म्हणे धोका.

आणि आजच दुपारी शाळेच्या पटांगणात सरकारनं मजुरांना कुकर, पातेली, डबे वाटले. युनियननं हेच मागितलं तेव्हा लाठ्या मिळाल्या होत्या. आता साहेब माईकवर म्हणाले, सरकारच देतंय, मग बावटा कशाला? लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

शेजारची बसम्मा पुढं आली.

"आमी हाय की, खैरुन. कुकर खोक्यातच हाय बघ."

बोलताना तिनं वर पाहिलं नाही.

खैरुनबी चौकीत चादर द्यायला गेली, तर हवालदार हसला.

"सकाळी कोण येतंय बघू की, भाभी."

ती गल्लीत परतली. दारोदारी ती कान देत चालली. सयाजीकडं सामसूम. बसम्माकडं सामसूम. तिच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. तिच्याच घरात.

ती आत धावली. लेक इरम नव्या कुकरपुढं उभी होती. खोक्यावर कामिलचं नाव होतं.

"अब्बांचं नाव पुकारलं, मी घेतला," इरम म्हणाली. "दादीला इन्शुलिनची सुई टोचलती. हातपाय गार पडाय लागले. साखर चाटवली, पर पोटात कायतरी घालाय नको व्हय?"

सासूची सुई खैरुनबी साफ विसरली होती. तिनं गॅस बंद केला. पण गल्लीनं ऐकायचं ते ऐकलं होतं.

ती खिडकीशी उभी राहिली. बराच वेळ काहीच नाही. मग बसम्माकडं शिट्टी झाली. मग सयाजीकडं. मग पार टोकाच्या घरापर्यंत.

खैरुनबीनं सासूला मऊ भात भरवला, इरमला वाढलं आणि आपलं ताट पालथं घातलं. सकाळी चौकीच्या दारात एक तरी उपाशी बाई लागणार होती.